रेशीम शरीरात किती दिवस टिकते?

गेल्या पावसाळ्यात आईची अक्कलदाढ काढावी लागली. दाढ आडवी उगवलेली असल्यामुळे हिरडी कापावी लागली आणि शेवटी दंतवैद्यांनी काळ्या धाग्याचे तीन टाके घातले. आई खुर्चीवरून उठेपर्यंत माझे लक्ष ट्रेमधल्या फाडलेल्या पाकिटाकडे होते. त्यावर धाग्याचा प्रकार ‘सिल्क’, जाडी ‘३-०’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘नॉन-ॲब्सॉर्बेबल’, म्हणजे शरीरात न विरघळणारा, असे छापलेले होते. ‘सातव्या दिवशी टाके काढायला या’, असे सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले. मी मात्र त्या एका शब्दापाशीच थांबले होते, कारण रेशमाच्या याच प्रथिनाला विरघळवणे, पुन्हा घट्ट करणे आणि ते किती दिवसांत नाहीसे होते हे मोजत बसणे, यांत माझी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतली काही वर्षे गेलेली आहेत.

पाकिटावरचा शब्द चुकीचा नव्हता, पण तो निसर्गाचा नियम नसून वर्गीकरणाची सोय आहे. शरीरात गेल्यावर सुमारे ६० दिवसांच्या आत आपली बहुतेक ताकद गमावणाऱ्या धाग्याला शोषला जाणारा म्हणायचे आणि त्याहून जास्त टिकणाऱ्याला न शोषला जाणारा म्हणायचे, अशी ही विभागणी आहे. रेशीम ६० दिवस सहज ओलांडते, म्हणून ते दुसऱ्या खान्यात पडते. प्रत्यक्षात ऊतींमध्ये राहिलेल्या रेशमाच्या टाक्याची ताण सोसण्याची शक्ती साधारण वर्षभरात जवळजवळ संपते आणि दोनेक वर्षांनी तो धागा शोधूनही सापडत नाही. शरीरातली प्रथिने तोडणारी विकरे त्याला हळूहळू कुरतडत असतात आणि उरलेली अमिनो आम्ले शरीर आपल्या नेहमीच्या व्यवहारात वापरून टाकते. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत असे होत नाही. मग आईचे टाके सातव्या दिवशी का काढले? कारण टाक्याचा रेशमी धागा एकसंध तार नसून अनेक तंतूंची वेणी असते, तिच्यावर मेणाचे किंवा सिलिकोनचे लेपन असले तरी ती वातीसारखी ओल आत ओढते आणि त्या ओलीबरोबर तोंडातले जीवाणूही आत जाऊ शकतात. हिरडी जुळून आल्यावर अशी वात तिथे ठेवण्यात काही अर्थ नसतो.

इथे थोडे विषयांतर करते. सुश्रुताने रेशमाच्या धाग्याने टाके घातले, असे विधान समाजमाध्यमांवर नेमाने फिरत असते. सुश्रुतसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात शिवण्यासाठीच्या वस्तूंची जी यादी आहे तिच्यात बारीक सूत, अश्मंतकाची साल, ताग, क्षौम, स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेलीचे तंतू आहेत. क्षौम म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. रेशीम, म्हणजे ‘कौशेय’ आणि त्याच्या जोडीला ‘चीनपट्ट’, ही नावे येतात ती अठराव्या अध्यायात, जखमेवर बांधायच्या पट्ट्यांच्या यादीत. जखमेवरची रेशमी पट्टी ही कल्पना आपल्याकडे खरोखरच जुनी आहे आणि तीच पुरेशी कौतुकाची आहे. टाक्यांचे श्रेय ओढूनताणून जोडण्याची गरज मला वाटत नाही.

मूळ प्रश्न असा की, एखादे प्रथिन वर्षभर टिकते आणि तरी शेवटी पचते, हे कसे काय घडते? अळीने काढलेला तंतू आडवा कापून पाहिला तर त्यात दोन धागे शेजारी शेजारी असतात आणि दोघांना मिळून बाहेरून डिंकासारखा थर असतो. आतले धागे फायब्रोइन या प्रथिनाचे आणि बाहेरचा डिंक सेरिसिनचा. कोषाच्या वजनात सेरिसिनचा वाटा साधारण चौथा हिस्सा असतो. अळीच्या रेशीमग्रंथीच्या मागच्या भागात फायब्रोइन तयार होते, मधल्या भागात त्यावर सेरिसिन चढते आणि हे सगळे तोपर्यंत पाण्यात विरघळलेले, दाट पाकासारखे असते. त्या अरुंद नळीतून पुढे सरकताना पाणी कमी होत जाते, आम्लता थोडी वाढते आणि डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत अळी तो पाक ओढते, तेव्हा त्या ओढण्यानेच द्रवाचा धागा होतो. या कामाला भट्टी लागत नाही आणि तीव्र रसायनेही लागत नाहीत. सुमारे तीन दिवसांत ती बोटाएवढी अळी किलोमीटरभर लांबीचा अखंड तंतू स्वतःभोवती गुंडाळून घेते.

फायब्रोइनच्या लांब साखळीत ग्लायसिन, ॲलॅनिन आणि सेरिन ही तीन लहान अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. ती लहान असणे महत्त्वाचे आहे. काड्या बाहेर आलेल्या पत्रावळींची चळत नीट बसत नाही, हे लग्नाच्या मांडवात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते. पण सपाट, बिनकाडीच्या पत्रावळी एकमेकींवर अशा घट्ट बसतात की मधली एक सहज ओढून काढता येत नाही. फायब्रोइनच्या साखळ्या अशाच सपाट चादरी करून एकावर एक बसतात. रसायनशास्त्रात या रचनेला बीटा-चादर म्हणतात. या चळतींच्या मध्ये साखळीचे सैल, विस्कळीत भागही असतात. विकरांना शिरकाव मिळतो तो या सैल भागांतून, घट्ट चळतींना ती फार उशिरा हात लावतात. म्हणूनच एखाद्या रेशमी वस्तूत चळतींचे प्रमाण किती आणि सैल भागांचे किती, यावर ती वस्तू शरीरात तासभर राहील की वर्षभर, हे ठरते. आणि हे प्रमाण आपल्या हातात असते, हेच मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते.

ते हातात कसे येते, हे सांगण्यासाठी मामांकडे वळावे लागेल. माझे मामा जालना जिल्ह्यात तुती लावून रेशीमशेती करतात. २०१८ मध्ये जालन्यात कोषबाजार सुरू होईपर्यंत ते गावातल्या इतर शेतकऱ्यांबरोबर कोषांच्या गोण्या घेऊन कर्नाटकातल्या रामनगरला जात असत. बाजारात त्यांच्या मालाची किंमत ठरते ती तार किती लांब आणि सलग निघते यावरून. त्यामुळे पोचट कोष, दोन अळ्यांनी मिळून केलेले डबल कोष, डागाळलेले कोष आणि पतंग बाहेर पडल्यामुळे भोक पडलेले कोष, हे सगळे वेगळे काढून कवडीमोलाने द्यावे लागतात. एकदा मी त्यांच्याकडे भोक पडलेले दोन किलो कोष मागितले, तेव्हा त्यांना वाटले मी थट्टा करते आहे.

“अगं, याची तारच निघत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही याला,” ते म्हणाले. “आणि तुला तोच माल पाहिजे?”

“मामा, आम्ही तार काढतच नाही. तुम्ही दिलेले चांगले कोषसुद्धा आम्ही आधी कात्रीने कापतो.”

चांगले कोष कात्रीने कापतात, हे ऐकून मामी आत निघून गेली. ज्या घरात अळीला कात टाकताना त्रास होऊ नये म्हणून बोलण्याचा आवाजही खाली आणतात, तिथे हे वाक्य बोलायला नको होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

प्रयोगशाळेतली कृती मात्र खरोखर अशीच सुरू होते. कोष कापून आतला कोशित काढून टाकायचा, कवचाचे तुकडे नखाएवढे करायचे आणि त्यातले ५ ग्रॅम तोलून घ्यायचे. दोन लिटर पाण्यात ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घालून ते उकळायचे आणि त्यात हे तुकडे ३० मिनिटे शिजवायचे. पाणी हळूहळू पिवळसर आणि बोटांना बुळबुळीत लागते, कारण सेरिसिन सुटून पाण्यात उतरत असते. बाहेर काढून तीन-चार वेळा धुतले आणि पिळले की कवचाचा कडकपणा गेलेला असतो आणि हातात पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र पुंजका राहतो. तो सुकवून तोलला की पाचाचे पावणेचार ग्रॅमही भरत नाहीत. आता हा पुंजका पाण्यात उकळला काय किंवा पातळ आम्लात बुडवला काय, विरघळत नाही, कारण पत्रावळींची चळत अजून शाबूत असते. ती मोडण्यासाठी लिथियम ब्रोमाइडचे अतिशय दाट द्रावण लागते. ६० अंश सेल्सिअसला चार तास ठेवल्यावर तंतू दिसेनासे होतात आणि काचेच्या भांड्यात मधाच्या रंगाचा, मधासारखाच ओघळणारा द्रव राहतो. हा द्रव बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून ती पिशवी दोन दिवस शुद्ध पाण्यात टांगायची आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे. क्षार पडद्यातून बाहेर जातो, प्रथिन मोठे असल्यामुळे आत अडकते आणि शेवटी पिशवीत उरते ते फायब्रोइनचे पाण्यातले सहा ते आठ टक्के द्रावण. म्हणजे अळीच्या ग्रंथीत जे होते, जवळपास तिथपर्यंत आपण धाग्याला उलटे चालवत नेलेले असते.

ही कृती अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन यांच्या प्रयोगशाळेने इतक्या बारकाईने लिहून २०११ मध्ये प्रसिद्ध केली की जगभरातले विद्यार्थी आज तीच समोर ठेवून काम करतात. मीही केले, आणि पहिल्याच महिन्यात तिच्यातली एक सूचना न वाचल्याचे फळ भोगले. द्रावण हलक्या हाताने हाताळावे, असे तिथे सांगितलेले होते. मी त्यात क्षार नीट मिसळावा म्हणून नळी जोरात फिरवणाऱ्या यंत्रावर काही मिनिटे धरली आणि ती फ्रीजमध्ये ठेवून घरी गेले. सकाळी नळी उलटी केली तर आतून काहीच सांडले नाही. रात्रीतून त्या पारदर्शक द्रावणाचा पांढरट, थरथरता खरवस झालेला होता. ज्या ओढण्याने अळी द्रवाचा धागा करते, तसाच ताण मी यंत्राने दिला होता आणि साखळ्यांनी आपली चळत पुन्हा रचायला घेतली होती. तीन दिवसांचे काम गेले. पुढे कळले की जेल तयार करण्यासाठी ही युक्ती मुद्दाम वापरतात आणि तिच्यावर स्वतंत्र शोधनिबंधही आहेत. ते वाचून दुःख काहीसे हलके झाले.

द्रावण एकदा हाती आले की टिकाऊपणाची किल्ली दोन-तीन ठिकाणी फिरवता येते. पहिली जागा म्हणजे ते उकळणेच. सोड्याच्या पाण्यात कोष पाच मिनिटे शिजवले तर साखळ्या लांब राहतात, तासभर शिजवले तर त्या तुटून तुकडे होतात आणि तयार वस्तू लवकर झिजते. दुसरी जागा म्हणजे शेवटची प्रक्रिया. द्रावण सपाट ताटलीत ओतून सुकवले की सेलोफेनसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा निघतो, आणि तो तसाच पाण्यात टाकला तर काही मिनिटांत विरघळून जातो. तोच पापुद्रा मिथेनॉलमध्ये बुडवून काढला किंवा पाण्याच्या वाफेत काही तास ठेवला की चळती घट्ट बसतात आणि मग तो पाण्याला दाद देत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे द्रावक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या शरीरात रेशमाचे स्पंजासारखे सच्छिद्र तुकडे ठेवले होते. पाण्यातून बनवलेले तुकडे दोन ते सहा महिन्यांत नाहीसे झाले आणि एका सेंद्रिय द्रावकातून बनवलेले वर्ष उलटून गेल्यावरही शिल्लक होते. प्रथिन तेच, कोषही तोच, फक्त शिजवण्याची रीत वेगळी.

ज्यांनी शरीरात विरघळणारे कृत्रिम बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, वापरले आहेत, त्यांना यातले आणखी एक सुख चटकन कळेल. पॉलिलॅक्टिक आम्लाचे स्क्रू विरघळतात तेव्हा लॅक्टिक आम्ल सुटते आणि आजूबाजूच्या ऊतींत आम्लता वाढून दाह होऊ शकतो. रेशीम तुटते तेव्हा अमिनो आम्ले आणि त्यांचे छोटे तुकडे सुटतात, त्याने हा त्रास होत नाही. २०१४ मध्ये टफ्ट्समधल्याच गटाने रेशमाचे स्क्रू कातून उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवून पाहिले. धातूचा स्क्रू पुढे कधीतरी काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि क्ष-किरण चित्रात तो चमकत राहतो, या दोन्ही कटकटी रेशमात नाहीत. पण ताकदीच्या बाबतीत रेशमी स्क्रू धातूला गाठू शकत नाही, त्यामुळे त्याची जागा चेहऱ्याच्या किंवा बोटांच्या लहान हाडांपाशीच असेल असे मला वाटते. मांडीच्या मोडलेल्या हाडावर तो कुणी बसवणार नाही.

मला सर्वांत जास्त भावलेला उपयोग मात्र याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. तिथे रेशमाने काही मिनिटे किंवा दिवसच टिकायचे असते. २०१० मध्ये एका गटाने अतिशय पातळ इलेक्ट्रोडची जाळी रेशमाच्या पापुद्र्यावर चढवून ती मांजराच्या मेंदूवर ठेवली. ती जाळी एकटी इतकी लवचीक होती की हातात धरताच आली नसती, म्हणून पापुद्र्याचा आधार. मेंदूच्या ओलाव्याने रेशीम विरघळून गेले आणि जाळी मेंदूच्या घड्यांवर ओल्या कापडासारखी चिकटून बसली. इथे रेशमाचे काम हात देऊन बाजूला होण्याचे होते.

लसीचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस थंड ठेवावी लागते. उन्हाळ्यात वीज गेली की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेची पहिली धाव आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरकडे असते, हे मी माझ्या मावशीकडे राहिले तेव्हा पाहिले आहे, कारण ती याच नोकरीत होती. २०१२ मध्ये कॅप्लन यांच्या गटाने हीच लस रेशमाच्या पापुद्र्यात मिसळून सुकवली आणि ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात सहा महिने ठेवल्यावरही तिची शक्ती मोठ्या प्रमाणात टिकून राहिल्याचे दाखवले. लसीतले विषाणू आणि प्रथिने बिघडतात ती हालचालीला जागा आणि पाणी मिळाल्यामुळे. रेशमाच्या घट्ट चळतींमध्ये दोन्ही कमी मिळतात, म्हणजे ती जणू धान्याच्या कोठारात राखेत पुरून ठेवलेल्या बियांसारखी पडून राहतात. यापुढची पायरी म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवर रेशमाच्या अतिसूक्ष्म सुया. सुई त्वचेत शिरते, रेशीम विरघळते किंवा ठरवलेल्या वेगाने लस सोडत राहते. मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांसमोर ठेवला की ४५ अंशांचा तो आकडा कुणाला काल्पनिक वाटणार नाही.

इतर उपयोगांवरून मी झरझर पुढे जाते. कानाच्या फाटलेल्या पडद्यावर लावायचा रेशमी पापुद्रा ऑस्ट्रेलियात पर्थ इथल्या संशोधकांनी तयार केला आहे. नीट न मिटणाऱ्या स्वररज्जूला आधार देण्यासाठी इंजेक्शनने द्यायच्या रेशमाच्या कणांना अमेरिकेत मान्यता मिळालेली आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघालेल्या सेरिजेन या कंपनीने हाडातली पोकळी भरण्यासाठी फायब्रोइनचा सच्छिद्र भराव विकसित केला आहे. कोळ्याच्या रेशमाबद्दल मला हमखास विचारले जाते, म्हणून एवढेच सांगते की जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यालयात कोळ्यांकडून धागा काढून मेंढीच्या पायातल्या तुटलेल्या नसेचे ६ सेंटिमीटरचे अंतर भरून आणले गेले आहे. पण कोळी एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात, त्यामुळे त्यांचे संगोपनगृह मामांना काढता येणार नाही.

भारतापाशी मात्र थांबायला हवे. तुती, टसर, मुगा आणि एरी अशी चारही प्रकारची रेशमे ज्या देशात होतात असा हा देश, आणि तरीही जगातले बहुतेक वैद्यकीय काम तुतीच्या रेशमावरच झाले आहे. विदर्भात ज्याला कोसा म्हणतात ते टसर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवले जाते आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढीवर समाजाने सांभाळले आहे. टसरच्या फायब्रोइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल असा तीन अमिनो आम्लांचा एक लहानसा क्रम असतो, जो आपल्या पेशी आपल्या भोवतीच्या जाळ्याला धरून राहण्यासाठी ओळखतात. तुतीच्या रेशमात तो नसतो. त्यामुळे टसरवर पेशी अधिक चांगल्या रुजतात. अडचण अशी की टसरचा तंतू लिथियम ब्रोमाइडला सहसा दाद देत नाही. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने त्यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. त्यांनी धागा विरघळवण्याचा नाद सोडून कोष करायच्या बेतात आलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच, म्हणजे धागा होण्याआधीच, प्रथिन काढून घेतले. कोड्याचे उत्तर कोडे पडण्याआधीच गाठण्यासारखे हे आहे. ऐनाच्या फांदीवरून अळी वेचून तिची ग्रंथी काढणे मोठ्या प्रमाणावर कितपत जमेल, ही शंका मात्र राहतेच.

आणि ते बुळबुळीत पाणी? रेशीम उद्योगात सेरिसिन वर्षानुवर्षे नाल्यात जात आले आहे. त्याची बदनामीही जुनी आहे. सेरिसिन न काढलेल्या कच्च्या रेशमाच्या टाक्यांमुळे काही रुग्णांत ॲलर्जी आणि दाह झाला, तेव्हापासून दोष त्याच्या माथी बसला. पुढच्या प्रयोगांत असे दिसले की एकटे सेरिसिन फारसा दाह निर्माण करत नाही, ते तंतूला चिकटलेले असते तेव्हाची गोष्ट वेगळी असते. थायलंडमध्ये २९ रुग्णांच्या भाजलेल्या ६५ जखमांवर नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमात सेरिसिन मिसळून पाहिले, तेव्हा जखमा भरायला सरासरी सुमारे २२ दिवस लागले आणि साध्या मलमाने २९ दिवस. अभ्यास लहान आहे, हे खरे. पण भाजलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्याला सात दिवस म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. बंगळूरची फायब्रोहील ही कंपनी रेशीम प्रथिनांच्या पट्ट्या बाजारात आणते आहे. कौशेयाची पट्टी फिरून पुन्हा जखमेवर आलीच म्हणायची.

इतके सगळे असूनही रुग्णालयात गेलात तर तुम्हाला रेशीम भेटेल ते बहुतेक करून आईच्या हिरडीतल्या काळ्या टाक्याच्याच रूपात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शोधनिबंधांचा डोंगर उभा राहिला, पण मान्यता मिळून रुग्णापर्यंत पोचलेल्या वस्तू बोटांवर मोजण्यासारख्या आहेत, आणि याचे खापर केवळ नियामकांवर फोडणे मला पटत नाही. ज्या गुणाचे मी इतके कौतुक केले, तोच गुण इथे आडवा येतो. थोडे जास्त उकळले की वस्तूचे आयुष्य बदलते, तर पावसाळ्यातला कोष आणि हिवाळ्यातला कोष, एका जातीची अळी आणि दुसऱ्या जातीची अळी, निर्जंतुक करण्यासाठी दिलेली वाफ किंवा गॅमा किरण, या सगळ्यांनीही ते बदलू शकते. शरीरात ठेवून शोषली जाणारी वस्तू वरच्या जोखमीच्या वर्गात मोडते आणि तिथे प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच आहे, हे सिद्ध करावे लागते. कारखान्यात बनलेल्या बहुवारिकासाठी हे काम अवघड असते, शेतातून आलेल्या प्रथिनासाठी त्याहून अवघड. आणि घाईही अंगाशी येते. शस्त्रक्रियेत मऊ ऊतींना आधार देण्यासाठी रेशमाची विणलेली जाळी अमेरिकेत मान्यता मिळवून बाजारात आली होती. तिचा प्रचार मान्यता नसलेल्या स्तनशस्त्रक्रियांसाठी केल्याबद्दल २०१५ मध्ये तिथल्या एफडीएने उत्पादकांना इशारापत्र पाठवले. वस्तू चांगली असणे वेगळे आणि ती त्या विशिष्ट कामासाठी तपासलेली असणे वेगळे, एवढाच त्या पत्राचा मुद्दा होता आणि तो मला रास्त वाटतो.

मामांच्या भोक पडलेल्या कोषांचे पुढे काय झाले, ते राहिलेच. त्यातून काढलेल्या द्रावणाचा अर्धा मिलिलिटर तोललेल्या बशीत घालून तो ६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर सुकवला. सकाळी बशीच्या तळाशी कडा किंचित वर उचललेली, नखाने सहज सुटणारी एक काचेसारखी चकती होती. तिच्या वजनावरून हिशेब केला तर द्रावण साडेसहा टक्क्यांचे भरले, म्हणजे कृतीत सांगितल्याप्रमाणेच. भोकामुळे प्रथिनाचे काहीच बिघडलेले नव्हते. मी ती चकती मोबाइलवर मामांना दाखवली आणि पलीकडे छापलेली अक्षरे तिच्यातून कशी वाचता येतात हेही दाखवले.

त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, “मग असल्या कोषाला किलोमागे काय भाव देणार तुमचे लोक?”

मी म्हणाले, “मामा, भाव चांगला देतील. पण तुम्ही दिलेले दोन किलो आहेत ना, ते आम्हाला वर्षभर पुरतील.”